‘जय भीम’ रुजवणारे बाबू हरदास बिडी कामगारांसाठी का उभे राहिले?

महागडी सिगार पारखण्याची एक रीत आहे. वरचं पान गुळगुळीत आहे का, दाबल्यावर पोकळ लागतं का, सगळीकडून सारखी जळते का, धूर सहज ओढला जातो का, हे पाहिलं जातं. सिगार नापास झाली तर गिऱ्हाईक दुसरी घेतं. बिडी नापास झाली तर मात्र ती वळणाऱ्याची मजुरी जाते.

ब्रह्मपुरीच्या जंगलात दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो. पातळ, लवचीक आणि वळताना न फाटणारं हे पान म्हणजे बिडीचं आवरण. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. त्यानंतर होते छाटणी. पान फाटलेलं, तंबाखू कमी, वळण सैल असं म्हणून बिड्या बाजूला काढल्या जातात. चांगलं-वाईट कोण ठरवणार, हा या धंद्यातला जुना वाद.

या धंद्यात विदर्भातले अनेक दलित मजूर होते. त्यांच्यासाठी उभे राहिले बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीला झाला. वडील रेल्वेत कारकून. मॅट्रिक झालेल्या हरदासांनी तरुणपणीच ‘महारठ्ठा’ साप्ताहिक काढलं आणि कामठीत चोखामेळा वाचनालय सुरू केलं.

ठेकेदार आणि कारखानदार मजुरांची पिळवणूक करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावर त्यांनी सहकाराचा मार्ग काढला. मजुरांनी एकत्र येऊन बिड्या वळायच्या आणि स्वतःच विकायच्या, म्हणजे मधला माणूसच नको. हे काम नागपूरहून रामटेक, साकोली, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरपर्यंत पोहोचलं. त्यासाठी त्यांनी बिडी मजदूर संघही स्थापन केला.

१९३७ मध्ये ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. पण १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ३५.

छाटणीचा प्रश्न त्यांच्यानंतरही राहिला. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी देशात एकच कायदा आला. मालकाने नाकारलेल्या मालाचा आणि त्याच्या मजुरीचा वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने सोडवावा, अशी तरतूद त्यात होती. बिडीची पारख एकट्या मालकाच्या हाती राहू नये, हे कायद्याला मान्य करावं लागलं. तोवर हरदासांना जाऊन २७ वर्षं झाली होती.