विजयदुर्गचे ‘साहेब’ : हेलियमवाले नॉर्मन लॉकियर

सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर आपण गेलो की ‘साहेबाचे कट्टे’ हमखास दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला, असं आपण ऐकत आलो. पण हे साहेब नेमके कोण होते?

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १८३६ साली इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. ते युद्ध खात्यात कारकून होते. विद्यापीठाची पदवी नव्हती, पण आकाशाचा नाद जबरदस्त. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात दुर्बीण.

१८६८ च्या ग्रहणादिवशी ते भारतात नव्हतेच. त्या दिवशी गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन निरीक्षण करत होते. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यात एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमच्या रेघांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या, जणू अंगठ्याचा ठसाच. म्हणजे हे नवं मूलद्रव्य! सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं.

अनेकांना हे पटलं नाही. तब्बल २७ वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून तोच वायू मिळाला आणि लॉकियर खरे ठरले.

हा वायू इतका उशिरा का सापडला? हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि तेवढ्यातच त्याची कक्षा पूर्ण भरते. त्यामुळे तो कुणाशी बंध करत नाही, संयुगं बनवत नाही. शिवाय इतका हलका की हवेतून निसटून अवकाशात जातो. हायड्रोजनसारखा पेटत नाही, म्हणून फुग्यात तोच भरतात.

मग विजयदुर्गचं काय? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखर तिथे आले होते. तोपर्यंत हेलियम सापडून गेला होता. ‘नेचर’ हे नामांकित विज्ञान साप्ताहिकही त्यांनीच १८६९ साली सुरू केलं. १९२० मध्ये त्यांचं निधन झालं.

आज १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. जरूर जाऊया, मुलांनाही नेऊया. फक्त त्यांना तारीख आणि जागा बरोबर सांगूया. खरी हकिकत सांगितल्याने किल्ल्याची शान कमी होत नाही. पदवी नसलेला एक कारकून २७ वर्षं आपल्या निरीक्षणावर ठाम राहिला, यातून आपल्या मुलांना शिकण्यासारखं खूप आहे.