काळ्याकडून अंगावर जाणारे महेशचंद्र

पैठण असो की कन्नड, बुद्धिबळात काळी मोहरी वाट्याला आली की पोरं आधी बचाव बघतात. कलकत्त्याबाहेरच्या खेड्यातले महेशचंद्र बॅनर्जी मात्र उलटे! १८५० च्या आसपास स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन त्यांच्याशी शेकडो डाव खेळले. देशी डावात प्यादं एकच घर चालतं, त्याच सवयीतून असावं, महेशचंद्र घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचे आन् मोकळ्या घरात उंट बसवायचे. मधली घरं पांढऱ्याला घेऊ द्यायची, मग तीच फोडायची. हरलेही पुष्कळ. १८५५ मध्ये त्यांनी खेळलेल्या एका सुरुवातीला नाव मात्र लागलं ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डचं, तेही १९२२ नंतर. महेशचंद्रांच्या वाट्याला फक्त 'इंडियन डिफेन्स' एवढंच आलं. पुढं फिशर, कास्पारोव्हसारखे हल्लेखोर काळ्याकडून हाच उंट तिथंच बसवून जिंकले.