महाडच्या बाजारपेठेतील चहाचे दुकान

अल्प भांडवलात छोटा व्यवसाय कसा उभा करावा, या प्रश्नाचे उत्तर आज बहुधा आकड्यांत दिले जाते. जागेचे भाडे किती, पहिला माल किती रुपयांचा, उधारी कुठवर द्यावी, असा तो हिशेब असतो. परंतु एके काळी महाडच्या बाजारपेठेत साधे चहाचे दुकान काढायचे म्हटले, तरी समाजातील एका मोठ्या वर्गाला या साऱ्या हिशेबाच्या आधी एक अडचण पार करावी लागे. ती अडचण पैशांची नव्हती, पाण्याची होती. ती ओळखून दुकान उभे करविणारा तरुण पुढे दलित आणि कामगार चळवळीत कॉम्रेड आर. बी. मोरे या नावाने प्रसिद्धीस आला.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळील लाडवली या आजोळी झाला. त्यांचे मूळ गाव दासगाव. त्या काळच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील हा परिसर तसा जागृत. लष्करातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबांमुळे येथे शिक्षणाची ओढ लवकर निर्माण झाली होती. अस्पृश्यतेवर लेखणी चालविणारे गोपाळबाबा वलंगकरही याच पट्ट्यातील रावढळचे. रामचंद्राने १९१४ मध्ये अलिबागला परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळविली. मात्र महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. तेव्हा या अकरा वर्षांच्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. अखेर शाळेला दार उघडावे लागले. प्रवेश मिळाला तरी वर्गात इतरांबरोबर बसण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

महाडच्या वास्तव्यात मोरे यांच्या नजरेस बाजारातील एक नित्याचे दृश्य पडत असे. सावित्रीच्या काठचे महाड हे खाडीमार्गे आलेला माल आणि घाटावरून उतरलेला माल यांचे मीलनस्थान. पंचक्रोशीतील गोरगरीब पहाटे उठून गवताचे भारे आणि लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन तेथे येत. त्यांतील अस्पृश्य विक्रेत्यांचा माल पेठेला चालत असे, त्यांची तहान मात्र चालत नसे. चवदार तळे गावात असूनही त्यांना निषिद्ध होते. उपाहारगृहांत त्यांना प्रवेश नव्हता. दिवसभर उन्हात उभे राहून चार पैसे मिळविलेला माणूस ते खर्च करून घोटभर चहा घेऊ शकत नव्हता.

व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर येथे गिऱ्हाईक होते, गरज होती, गिऱ्हाइकाच्या हाती थोडा पैसाही होता. नव्हते ते फक्त दुकान. मोरे यांनी ही उणीव हेरली. महाडमध्ये राहणारे मोहोप्रेकर नावाचे अस्पृश्य समाजातीलच एक गृहस्थ होते. त्यांना मोरे यांनी चहाचे दुकान काढण्यास प्रवृत्त केले. अशा दुकानाला लागणारी सामग्री ती काय! एक चूल, सरपण, भांडी, कपबशा, दूध आणि साखर. तरीही ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावता येत नाही, त्यांनी पाण्यावर चालणारा धंदा मांडणे हे मोठेच धाडस होते.

दुकान सुरू झाले आणि बाजारकरूंना पाणी, चहा व घटकाभर टेकण्याची हक्काची जागा मिळाली. खेड्याखेड्यांतील माणसे तेथे एकमेकांना भेटू लागली. कोणाचे पत्र वाचून द्यावे, कोणाचा अर्ज लिहून द्यावा, गावोगावच्या तक्रारी ऐकाव्यात, अशी कामे तेथे होऊ लागली. बघता बघता ते छोटेसे दुकान चळवळीचे कार्यालयच बनले.

या दुकानाशेजारी त्याच सुमाराचे आणखी एक उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. परदेशी शिक्षण घेऊन १९१७ मध्ये परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला होता. अर्थशास्त्रातील त्यांचा अधिकार निर्विवाद होता. पण सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो उद्योग बंद पडला. विद्वत्तेचे भांडवल असूनही तेथे गिऱ्हाईक परक्या मर्जीचे होते. महाडच्या दुकानाचे गिऱ्हाईक मात्र आपलेच होते आणि त्याला जाण्यासारखे दुसरे ठिकाणही नव्हते. एक व्यवसाय बुडाला आणि दुसरा तगला, त्याचे मर्म येथे दडले आहे. पण ज्या बंदीने पहिला बुडविला तिनेच दुसऱ्याला गिऱ्हाईक पुरविले, हेही विसरता येत नाही. ती बंदी उठविणे हेच मोरे यांचे पुढचे ध्येय ठरले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी बाबासाहेबांना महाडला आणण्याचा ध्यास मोरे यांनी घेतला. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तिच्या संघटकांत ते आघाडीवर होते. या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले असताना पाण्यापायी पडलेला हा खर्च सारी परिस्थिती सांगून जातो. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांमागोमाग हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर न्यायालयीन लढा चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. मुंबईच्या कामगार वस्त्यांत त्यांनी आयुष्य वेचले, १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केले. बाबासाहेबांविषयीचा आदर आणि साम्यवादावरील निष्ठा त्यांनी अखेरपर्यंत एकत्र जपली. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अपुऱ्या आत्मकथनाला पुढे मुलाने लिहिलेल्या चरित्राची जोड मिळाली.

आज महाड-पोलादपूरच्या रस्त्याने जाताना जागोजाग चहाच्या टपऱ्या दिसतात. प्रवासी थांबतो, पेला भरून पाणी पितो, मग चहा मागतो. पाणी पुढे करण्यापूर्वी त्याला जात विचारली जात नाही, यामागे त्या छोट्या दुकानाचाही वाटा आहे.