मराठी घराचे जावई : हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी

नोव्हेंबर लागला की आमच्या वॉनमध्ये कोटाकोटांवर लाल पॉपी दिसू लागते आणि ११ तारखेला युद्धात कामी आलेल्यांचे स्मरण होते. त्याच्या तीनच दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, एका भारतीय वैमानिकाची पुण्यतिथी येते. ती मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे नाव. मुले शाळेत असताना सुब्रतो कपचे फुटबॉल सामने ऐकले असतील, तेच हे सुब्रतो.

जन्म कलकत्त्याचा, ५ मार्च १९११ चा. वडील सतीशचंद्र आय. सी. एस. होते, तर वडील बहीण रेणुका रे पुढे संसदेत गेल्या. अशा घरातल्या मुलाने कचेरीची खुर्ची धरायची, असाच त्या काळचा रिवाज. हा मुलगा इंग्लंडला क्रॅनवेलच्या वैमानिक विद्यालयात गेला. हिंदी माणसाला विमान हाकता येईल का, याचीच तेव्हा शंका घेतली जात होती!

८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदुस्थानचे हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या द्रिघ रोडवर पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिटी विमाने, क्रॅनवेलहून आलेले मूठभर अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई, एवढाच सारा संसार. त्यातही पाच वैमानिकांपैकी दोघे त्याच वर्षी अपघातात गेले आणि आणखी दोघांची नोकरी काही वर्षांतच संपली. मागे राहिले ते मुखर्जी. हे एकटेपण कसे असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. त्यांच्या हातून एखादी मोठी चूक झाली असती, तर ती एकट्याची चूक मानली गेली नसती.

पुढची वर्षे वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरांत गेली. मार्च १९३९ मध्ये ते पहिल्या तुकडीचे प्रमुख झाले. हिंदी माणसाला तुकडीचे प्रमुखपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९४३ साली कोहाटचा हवाई तळही त्यांच्या हाती आला. तोही मान पहिलाच.

१९३९ सालीच त्यांचे लग्न झाले. वधू मराठी, शारदा पंडित. विजयालक्ष्मी पंडितांचे यजमान रणजित पंडित हे त्यांचे काका. म्हणून आपल्याकडच्या माणसांनी सुब्रतोबाबूंना जावई म्हणायला हरकत नसावी.

स्वातंत्र्य आले तेव्हा हवाई दलातले सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी तेच होते. भूदलाला जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपाने भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलात मात्र एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन इंग्रज प्रमुख एकामागून एक झाले, आणि मुखर्जी त्यांच्या हाताखाली काम करीत राहिले. यात नुसता सरकारचा उशीर नव्हता. दल लहान, फाळणीत आणखी वाटले गेलेले आणि वरच्या जागांचा अनुभव कोणालाच नाही, तेव्हा इंग्रजांना घाईने निरोप देऊ नये, असे खुद्द मुखर्जींचेच मत होते. समोर वाढून ठेवलेले ताट असे बाजूला सारणारा माणूस विरळा. काहींना ही भीड वाटली असेल. आम्हाला तो हिशेबीपणा वाटतो, आणि तो हिशेब त्यांनी स्वतःच्या खर्चाने केला.

१ एप्रिल १९५४ रोजी ते प्रमुख झाले. कराचीतल्या त्या पहिल्या तुकडीला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे झाली होती. पुढच्या सहा वर्षांत मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट ही जेट विमाने आली. ऑटर हे लहानसे मालवाहू विमानही त्यांच्याच काळातले. आखूड धावपट्टीवर उतरणारे, म्हणून डोंगरी ठाण्यांना फार सोयीचे. ते बनत असे आमच्या शेजारी, डाउन्सव्ह्यूला! वॉनहून भुयारी गाडीने निघाले की काही थांब्यांवर डाउन्सव्ह्यू पार्क लागते. तिथला विमानतळ २०२४ साली बंद झाला. त्या बाजूने जाताना आम्हाला आसामच्या दऱ्या आठवतात, हे सोबतच्या प्रवाशांना कसे समजावे?

१९६० मध्ये मुखर्जी टोकिओला गेले होते. ८ नोव्हेंबरला तिथल्या एका उपाहारगृहात मित्रासोबत जेवताना घास घशात अडकला आणि ते गेले. सरहद्दीवरच्या गोळ्या आणि पहिल्या पिढीतली ती बेभरवशाची विमाने यांतून वाचलेला माणूस असा जावा! वय अवघे ४९. शाळकरी मुलांसाठी त्यांनी मनात धरलेली फुटबॉल स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली होती.

शारदाबाई खचून घरी बसल्या नाहीत. १९६२ साली त्या रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६७ मध्ये पुन्हा आल्या. शेजारच्या राजापूरचे खासदार तेव्हा बॅरिस्टर नाथ पै होते. पुढे त्या आंध्र प्रदेशच्या आणि नंतर गुजरातच्या राज्यपाल झाल्या. २००७ साली त्यांचे निधन झाले. पतीच्या मागे सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या मुखर्जी हेच नाव लावीत राहिल्या. कोकणातल्या जुन्या मतदारांना मुखर्जी म्हटले की त्याच आठवत.