‘रोबोट’चे बारसे

कला शाखेत असूनही मला विज्ञानकथांचे वेड. ‘रोबोट’ हा शब्द एखाद्या प्रयोगशाळेतच जन्मला असणार, अशी माझी पक्की समजूत होती. तो जन्मला एका चित्रकाराच्या तोंडून!

कारेल चापेक हा चेक लेखक १८९० साली जन्मला. १९२० मध्ये त्याने कृत्रिम कामगारांवर नाटक लिहिले. (हे कामगार लोखंडी नव्हेत, रसायनांतून घडवलेले, हुबेहूब माणसासारखे.) त्यांना नाव काय द्यावे? लॅटिनमधल्या श्रमवाचक शब्दावरून ‘लाबोरी’ सुचले, पण कारेलला ते पुस्तकी वाटले. थोरला भाऊ योसेफ तेव्हा चित्र रंगवीत होता. तोंडात ब्रश धरूनच त्याने ‘रोबोट’ हे नाव सुचवले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचे काम, आपल्याकडची वेठच. पंडिती शब्द मागे पडला, शेतकऱ्यांचा टिकला. आणि आज आपल्याला तोच शास्त्रीय वाटतो!

नाटक १९२१ मध्ये रंगभूमीवर आले, शब्द जगभर गेला, पण कारेलच्या नावावर. १९३३ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लिहून त्याचे श्रेय भावाला दिले. नाटकापेक्षाही मला तो यासाठी आवडतो.

१९३८ च्या नाताळात कारेल वारला. पुढच्या वर्षी नाझींनी योसेफला पकडले. १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.