लग्नाच्या अर्जावर त्याचा प्रोग्रामर हा पेशाच नाकारला, पुढे त्यानेच जगाला स्वच्छ कोड लिहायला शिकवलं

वेब अॅपमधल्या एका बटणाचा रंग बदलायला जावं आणि भलतंच पान बंद पडावं, हा अनुभव डेव्हलपर मंडळींना नवीन नाही. बाहेरून डिझाईन चकाचक, आत कोडचा नुसता गुंता. हा गुंता मुळात होऊच देऊ नका, असं ठणकावून सांगणारा एक डच माणूस होऊन गेला. त्याचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा.

जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅममधला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडनला भौतिकशास्त्र शिकताना त्याला प्रोग्रामिंगची गोडी लागली आणि १९५२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये तो प्रोग्रामर म्हणून रुजू झाला. तेव्हा हा पेशा लोकांना माहीतच नव्हता. १९५७ मध्ये लग्नाच्या कागदपत्रांवर त्याने प्रोग्रामर असं लिहिलं, तर अधिकाऱ्यांनी ते मान्यच केलं नाही. शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहून लग्न लागलं.

त्याच्या वर्षभर आधी, होणाऱ्या बायकोसोबत कॉफी पिताना त्याने दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची पद्धत साधारण वीस मिनिटांत मनातल्या मनात रचली. हाताशी कागद-पेन्सिल नव्हती, म्हणून गुंतागुंत टाळावीच लागली, असं तो पुढे सांगायचा. आज नकाशाच्या अॅपमध्ये रस्ता शोधण्यामागे या पद्धतीची मोठी पुण्याई आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या काळातल्या प्रोग्राममध्ये गोटू नावाची आज्ञा सर्रास वापरली जायची. या ओळीवरून थेट त्या ओळीवर उडी मारा, एवढंच तिचं काम. पण शेकडो उड्या झाल्या की प्रोग्राम कुठून कुठे चाललाय, हे लिहिणाऱ्यालाही उमगत नसे. मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्राने एका संगणक नियतकालिकात पत्र लिहून ही आज्ञा घातक ठरवली. पत्राला खमकं शीर्षक मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलं होतं.

बरेच प्रोग्रामर भडकले. वर्षानुवर्षांची सवय कोण सोडणार? पण त्याचा मुद्दा साधा होता. माणसाच्या डोक्याला मर्यादा आहेत. म्हणून कोड असा लिहावा की वरून खाली वाचत गेलं तरी समजेल आणि तो बरोबर आहे याची खात्री पटवता येईल. चाचणी घेतल्याने चुका सापडतात, पण आता एकही चूक उरली नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

१९७२ मध्ये त्याला संगणक क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवत होता. गंमत म्हणजे आपली बहुतेक टिपणं तो फाउंटन पेनाने, सुबक अक्षरात लिहायचा आणि झेरॉक्स काढून वाटायचा. अशी १३०० हून अधिक टिपणं त्याने मागे ठेवली. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्याचं निधन झालं.

आज जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये गोटू शोधूनही सापडत नाही. गुंता मात्र नव्या वाटांनी येतोच. कोडची सफाई स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून तिला वेळ द्यायला कुणी सहज तयार होत नाही. अशा वेळी डाइक्स्ट्राचा मुद्दा कामी येतो: जो कोड वाचून समजत नाही, तो बरोबर आहे असं आपण कशाच्या भरवशावर म्हणणार?