होमाई व्यारावाला : नजरेचे शिक्षण

छायाचित्र काढणे ही आज अगदी सोपी गोष्ट झाली आहे. हातातील मोबाइलची कळ दाबली की क्षणार्धात चित्र तयार होते. परंतु चित्र उमटणे आणि चित्र साधणे यांत फार अंतर आहे. चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, प्रकाश कोणत्या बाजूने यावा, मुख्य व्यक्ती मध्यभागी असावी की एका कडेला, हे सारे शिकावे लागते. हे शिक्षण सहसा एकट्याने होत नाही. आपले चित्र जाणकाराच्या नजरेसमोर ठेवावे लागते, त्यातील उणीव शांतपणे ऐकून घ्यावी लागते. साधलेले आणि फसलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून, एक का बोलते आणि दुसरे मुके का राहते याचा विचार करावा लागतो. अशा शिक्षणातून ज्यांची नजर घडली आणि त्या नजरेने ज्यांनी स्वतंत्र भारताचा उदय टिपून ठेवला, त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणजे होमाई व्यारावाला.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट व दिग्दर्शक होते. मंडळीचा मुक्काम हलला की कुटुंबाचेही बिऱ्हाड हलत असे. बालपणाचा काही काळ असा भटकंतीत गेल्यावर हे कुटुंब मुंबईत स्थिरावले. घरची परिस्थिती बेताची होती. मुलींनी मॅट्रिकपर्यंत पोहोचणे हेच त्या काळी अपूर्वाईचे होते. होमाई मात्र मॅट्रिक होऊन थांबल्या नाहीत. त्यांनी अर्थशास्त्र हा विषय घेऊन मुंबईत महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि कलेच्या ओढीने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही प्रवेश घेतला.

वयाच्या तेराव्या वर्षी होमाईंची ओळख माणेकशा व्यारावाला यांच्याशी झाली होती. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये हिशेबनीस म्हणून काम करीत आणि छायाचित्रेही काढीत. छायाचित्रणाचे पहिले धडे होमाईंना त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. होमाईंचे पहिले शिक्षक माणेकशा होते आणि त्यांच्या चित्रांचे पहिले पारखीही तेच होते. प्रकाश किती, अंतर किती, भिंगाचे छिद्र किती उघडायचे, ही गणिते त्या माणेकशांकडून शिकल्या. ही गणिते अचूक जमली तरी चित्र निर्जीव राहू शकते. ते सजीव करणारी दुसरी विद्या त्यांना जे. जे. स्कूलमध्ये मिळाली.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रेषा, आकार, छायाप्रकाश आणि समतोल यांचे भान पहिल्यापासून दिले जाते. कागदाच्या उजव्या बाजूला एखादा जड आकार आला, तर डाव्या बाजूला त्याला तोलणारे काही असावे लागते. गडद पार्श्वभूमीवर उजळ आकृती उठून दिसते आणि उजळ पार्श्वभूमीवर गडद आकृती ठसते. कृष्णधवल छायाचित्रात तर रंगांचा आधारच नसतो. तेथे पांढरा, काळा आणि त्यांच्यामधील करड्या छटा यांच्या विरोधातूनच सारा अर्थ उभा करायचा असतो. होमाईंनी ही दृष्टी कॅमेऱ्याकडे वळवली. रेहाना मोगल ही त्यांची सहाध्यायी अनेक चित्रांचा विषय झाली. मुंबईचे रस्ते आणि तेथील नित्याचे जीवन याही गोष्टी त्यांच्या चौकटीत येऊ लागल्या. एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या उजेडात आणि वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे चेहरा तोच असूनही भाव कसा बदलतो हे उमगते. पुस्तकात वाचून हा धडा पुरेसा कळत नाही.

शिक्षण चालू असतानाच त्यांनी महिलांच्या एका सहलीची छायाचित्रे काढली. ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वृत्तपत्राने छापली आणि प्रत्येक चित्रामागे एक रुपया मानधन दिले. रक्कम लहान असली, तरी होमाईंच्या दृष्टीने तो एक अभिप्रायच होता. संपादक कोणते चित्र छापतो आणि कोणते बाजूला सारतो, यावरूनही छायाचित्रकार शिकत असतो. पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकातही त्यांची चित्रे येऊ लागली. परंतु त्या काळी या क्षेत्रात स्त्रीचे नाव कोणाच्या परिचयाचे नव्हते. त्यामुळे सुरुवातीची अनेक चित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली. चित्राला दाद मिळत होती, ते काढणारी मात्र अज्ञात राहत होती. होमाईंनी यावर कडवटपणा न धरता काम चालू ठेवले.

१९४२ मध्ये या दांपत्याने मुंबई सोडली आणि दिल्ली गाठली. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटिश माहिती सेवेत दोघांना नोकरी मिळाली आणि त्याबरोबर बाहेरची कामे करण्याची मुभाही मिळाली. कनॉट प्लेसमध्ये त्यांनी घर केले. अंगावर साडी, खांद्याला जड कॅमेऱ्याची पेटी आणि सायकलवरून चाललेला प्रवास, अशा रूपात दिल्लीने त्यांना प्रथम पाहिले. ही बाई काहीतरी हौस करीत असावी, असे अनेकांना वाटे. लोक त्यांना फारसे गांभीर्याने घेत नसत. याचा एक लाभ असा झाला, की त्यांच्यासमोर माणसे सावध होत नसत आणि होमाईंना त्यांचे सहज भाव टिपता येत.

त्या काळचा कॅमेरा आजच्यासारखा हलका व सोयीचा नव्हता. रोलिफ्लेक्स हा कॅमेरा कमरेपाशी धरून त्याच्या वरच्या काचेत खाली पाहावे लागे. त्या काचेत दृश्याची डावी बाजू उजवीकडे आणि उजवी बाजू डावीकडे दिसे. एका फिल्मवर चौकोनी अशी केवळ बारा चित्रे निघत. स्पीड ग्राफिक हा दुसरा कॅमेरा त्याहून अवजड होता. त्यात प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा स्वतंत्र पत्रा लावावा लागे, आणि फ्लॅशचा दिवा तर एकदाच पेटून निकामी होई. साहजिकच, दहा-वीस चित्रे काढून त्यांतील एक निवडण्याची चैन परवडणारी नव्हती. आधी उभे राहण्याची जागा हेरायची, चौकट मनात रचायची, आणि मग तो क्षण येईपर्यंत थांबायचे, हीच कामाची रीत होती. जे. जे. स्कूलमधील रचनेचे धडे येथे उपयोगी पडले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दिल्लीत होमाईंच्या कॅमेऱ्यासमोर इतिहास घडत होता. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेला मान्यता देण्यासाठी काँग्रेसच्या नेत्यांनी हात वर केले, तो क्षण त्यांनी टिपला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ ऑगस्ट १९४७ रोजी, लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंच्या हस्ते तिरंगा फडकला, तेव्हाही त्या तेथे होत्या. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एका चित्रात बंद दालन आणि वर गेलेले हात आहेत. दुसऱ्यात मोकळे आकाश, किल्ल्याची तटबंदी आणि जनसागर आहे. एकात देशाचे विभाजन आहे आणि दुसऱ्यात देशाची मुक्ती. स्वातंत्र्याचा आनंद आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी येतात, तेव्हाच १९४७ हे वर्ष पुरते समजते.

३० जानेवारी १९४८ हा दिवस मात्र त्यांना आयुष्यभर सलत राहिला. त्या सायंकाळी गांधीजींच्या प्रार्थनासभेला जाण्यासाठी त्या निघाल्या होत्या. परंतु माणेकशांनी बोलावल्यामुळे त्या अर्ध्यातून परतल्या. आज नाही तर उद्या जाता येईल, असेच तेव्हा वाटले असणार. त्याच सायंकाळी बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी यमुनेच्या काठावर महात्माजींचे अंत्यसंस्कार झाले. लोटलेल्या गर्दीत उभे राहून होमाईंनी ते चित्रित केले. हुकलेल्या प्रार्थनासभेची खंत त्या पुढेही बोलून दाखवीत. छायाचित्रकाराला गेलेला क्षण पुन्हा मिळत नाही. चित्रकाराला रेषा पुसून नव्याने काढता येते, लेखकाला वाक्य बदलता येते, कॅमेऱ्याला ती सवलत नाही. होमाईंना हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

पंडित नेहरू हे त्यांचे आवडते विषय होते. नेहरूंचा चेहरा क्षणोक्षणी बदलणारा होता आणि कॅमेऱ्यापुढे तो अवघडत नसे. हातातून कबुतर उडवणारे नेहरू, विमानतळावर बहीण विजयालक्ष्मी पंडित यांना मिठी मारणारे नेहरू, अशी त्यांची किती तरी रूपे होमाईंनी जपून ठेवली. पालम विमानतळावरील एका चित्रात छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे आणि त्याच पाटीशेजारी देशाचे पंतप्रधान उभे आहेत. होमाईंनी येथे वेगळे काहीच केले नाही. त्यांनी पाटी व व्यक्ती या दोघांना एका चौकटीत आणले. पाटी वगळली असती, तर ते एका थोर नेत्याचे साधे चित्र झाले असते. केवळ पाटीचे चित्र घेतले असते, तर त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. दोन परस्परविरोधी गोष्टी शेजारी आल्या आणि चित्रात मिस्कीलपणा उतरला. रचना म्हणजे काय, हे समजण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

दिल्लीबाहेरही त्यांनी अवघड प्रवास केले. १९५६ मध्ये दलाई लामा नथू ला खिंडीतून सिक्कीममध्ये आले, तेव्हा त्या उंच डोंगराळ प्रदेशात होमाई एकट्या जाऊन पोहोचल्या होत्या. भारतभेटीला आलेली राणी एलिझाबेथ, जॅकलिन केनेडी, हो चि मिन्ह अशा अनेक परदेशी पाहुण्यांचीही चित्रे त्यांनी घेतली. ‘डालडा १३’ या टोपणनावाने त्या ओळखल्या जात. त्यांचा जन्म १९१३ चा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी झालेली आणि त्यांच्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३ असा होता. या योगायोगातून हे गमतीदार नाव जन्माला आले.

१९६४ मध्ये पंडित नेहरूंचे निधन झाले. त्यांच्या अंत्यदर्शनाची छायाचित्रे काढताना होमाईंना अश्रू आवरले नाहीत. सोबतच्या छायाचित्रकारांना ते दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंड लपवले. त्यानंतर दिल्लीचे वातावरणही पालटत गेले. छायाचित्रकार आणि नेते यांच्यामध्ये सुरक्षेची भिंत उभी राहिली. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातील मर्यादा सुटत चालल्याचे पाहून होमाईंना वाईट वाटे. समारंभात आपण कसे वावरावे, किती अंतर राखावे, कोणता प्रसंग टिपू नये, याचे काही संकेत त्यांच्या पिढीने पाळले होते. १९६९ मध्ये माणेकशांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांत एकही छायाचित्र काढले नाही. चौकटीतून नको ते वगळणाऱ्या या कलावतीने आपल्या आयुष्यातूनही व्यवसाय तितक्याच निश्चयाने वगळला.

मुलगा फारूक पिलानी येथे अध्यापन करीत होता. होमाई काही वर्षे त्याच्याकडे राहिल्या आणि १९८२ मध्ये ते दोघे वडोदऱ्याला आले. १९८९ मध्ये कर्करोगाने मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या एका लहानशा घरात एकट्याच राहिल्या आणि बागकामात रमल्या. जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. पुढे अभ्यासकांचे लक्ष त्यांच्या कामाकडे गेले. त्यांनी आपला छायाचित्रसंग्रह दिल्लीतील अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदरा येथे वयाच्या अठ्ठ्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्यांची चित्रे एके काळी दुसऱ्याच्या नावाने छापली जात, त्यांचे स्वतःचे नाव आज भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्यांच्याजवळ जन्मतः काही अलौकिक नजर होती असे नाही. ती त्यांनी कमावली. माणेकशांची पारख, कलाशाळेतील शिस्त, संपादकांची निवड आणि हुकलेल्या क्षणांची बोच या सर्वांना त्यांनी आपले गुरू मानले. आपले काम दुसऱ्यासमोर ठेवण्याचे धैर्य आणि त्यातील दोष पाहण्याचा प्रामाणिकपणा ज्याच्याजवळ आहे, त्याला कोणतीही कला आत्मसात करता येते, हेच होमाई व्यारावाला यांचे जीवन सांगते.